आईच्या गाण्यातल्या मेंढ्या

ब्राँक्स, ९ जानेवारी १९९२

त्सिप्के,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या मिसेस ओर्तीसकडून लिहून घेतलाय. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

गेदाल्ये गेला, हे तुला कळलंय. तुझं दुखवट्याचं पत्र लोकगीत मंडळाच्या सेक्रेटरीने भर सभेत मला वाचून दाखवलं. 'एका थोर अभ्यासकाच्या निधनाने' वगैरे वगैरे. वा गं वा! सख्ख्या बहिणीचा नवरा मेला आणि दुखवटा मंडळाला? मी काय मेले होते?

मग त्याचं टेबल आवरायला घेतलं, तर खालच्या खणात तुझी एकोणतीस कार्डं. दर नवीन वर्षाला एक, त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. म्हणजे हा माणूस दिवसा वर्तमानपत्राची मुद्रितं तपासायचा, मधल्या सुट्टीत तुला मेलबर्नला पत्रं लिहायचा, आणि घरी येऊन मला विचारायचा, "त्सिप्केचं कसं चाललं असेल गं?" इतका साळसूद! आज असता तर त्याला असा फैलावर घेतला असता, की बस.

कामाचं बोलते. त्याच्या पहिल्या वर्षदिनाला, एप्रिलमध्ये, मंडळ त्याच्या संग्रहाचं पुस्तक काढतंय. तीनशे बारा यिद्दिश गाणी. चाळीस वर्षं इथल्या म्हाताऱ्या-कोताऱ्या ज्यूंच्या स्वयंपाकघरांत बसून त्याने टेपवर घेतलेली. वीस मार्चला मजकूर छापखान्यात जायचाय. त्यात आईचं गाणं आहे, दाराचं. ते दुसऱ्या कोणाकडे मिळालेलं नाही, ना इथे, ना इस्रायलमध्ये. त्यातल्या एका शब्दाची शंका आहे. किरकोळ. पण ती टेप ऐकल्याशिवाय फिटणार नाही, आणि टेप नंबर एकशे चौदाचं नुसतं खोकं फळीवर आहे. आत त्याच्या अक्षरात चिठ्ठी: 'बाहेर. त्सिप्केकडे.' जसं काही वाचनालयातून नेलेलं पुस्तक!

मला इतकी वर्षं वाटत होतं ती हरवली. तू आईच्या सुतकाचे सात दिवस माझ्याच घरात बसलीस, आठव्या दिवशी टेप पर्समध्ये घालून चालती झालीस, आणि नवऱ्याने नोंद करून ठेवली. धन्य तुम्ही दोघं.

तेव्हा टेप पाठव. नीट गुंडाळून, रजिस्टरने.

आणि हॉलमधल्या त्या संध्याकाळचं अजून मनात धरून बसली असशील, तर पुन्हा एकदा सांगते: मला ठसका लागला होता.

राश्के


ब्राँक्स, ३ फेब्रुवारी १९९२

त्सिप्के,

तुझं कार्ड मिळालं. कांगारू छान आहे. मागे लिहिलंयस, 'टाइप केलेलं आहे ना तुझ्याकडे? तेच छाप.' तीस वर्षांनी सख्ख्या बहिणीला एवढंच! मी ते मिसेस ओर्तीसला दाखवलं. तिला आपली भाषा येत नाही, पण माझं तोंड बघूनच तिने कॉफी टाकली.

बरं, ऐक. टाइप केलेलं आहे. तीच तर भानगड आहे.

गेदाल्येची कामाची पद्धत तुला ठाऊक आहे, पण तू गेल्यावर ती किती वाढली ते तू पाहिलं नाहीस. चौदा किलोचं मशीन पाच-पाच मजले चढवायचा. घरात शिरला की आधी फ्रिजची पिन काढायचा, का तर टेपमध्ये घुरघुर येते. काम झालं की पिन लावायला विसरायचा. मिसेस लिबरमनचा शुक्रवारचा अख्खा कार्प मासा त्याने नासवला. मी नवा मासा घेऊन माफी मागायला गेले, तर ती म्हणते कशी, "मासा गेला खड्ड्यात गं. माझ्या आजीचं गाणं इतकं मन लावून कोणी ऐकलंय का आजवर? हा तुझा नवरा अजून बिनलग्नाचा असता ना!" वय ब्याऐंशी!

आणि तो प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायचा. गाणं कोणाकडून ऐकलंत, तेव्हा कुठे बसला होतात, आणि तेव्हा हात काय करत होते. हातांवर त्याचा फार भर. पिसं उपटत होते, कणीक मळत होते, वेणी घालत होते, सगळं वहीत उतरायचं. पोलंडमधून एकटाच वाचून आला होता तो. स्वतःच्या आईचं एकही गाणं त्याला धड आठवत नव्हतं. फक्त तिचे हात आठवायचे, गाण्याशिवायचे. म्हणून दुसऱ्यांच्या आयांची गाणी गोळा करत सुटला.

आणि कोणाला म्हणून सुधारायचा नाही. बाई चुकीचं म्हणो, अर्धं विसरो, दोन गाण्यांची खिचडी करो, जसं ऐकलं तसं लिहायचं. मी म्हणायचे, अरे, हे सरळसरळ चूक आहे! तर म्हणायचा, "राश्के, चूक तिची आहे. आपण कोण काढून घेणारे?" माशात साखर घालणारा माणूस तो, बटाट्याच्या भाजलेल्या 'कुगेल'ला 'कीगल' म्हणणारा. त्याला चुकीचं काय कळणार, असं मला वाटायचं. आपल्या माशात मिरी असते, हे त्याला शिकवायला मला सहा वर्षं लागली.

वह्या तो लिहायचा, टाइप मी करायची. हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर यायला हवं की नाही? आलं नाहीये. असो. नऊ ते बारा नंबरच्या वह्या चौऱ्याहत्तर साली तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाल्या. आईचं गाणं दहा नंबरमध्ये होतं. म्हणजे आता जगात त्याचे दोनच पुरावे. एक माझा कागद, एक तुझ्याकडची टेप.

त्या कागदावर दुसरं कडवं असं आहे: दार लोटून ठेव, कडी घालू नको; मेंढ्या येतील तेव्हा माझी पोर घरी येईल.

संपादक म्हणून मंडळाने नेओमी कर्श नावाची मुलगी नेमलीय. विद्यापीठात यिद्दिश शिकलीय. व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं, आणि बोलते अशी की रेडिओवर बातम्या लागल्यात. तिने या मेंढ्यांवर चार पानांची टीप लिहिलीय. मेंढ्या म्हणजे विखुरलेलं इस्राएल, दार म्हणजे अमुक, कडी म्हणजे तमुक. मोठ्या कौतुकाने मला वाचून दाखवली, आणि शेवटी विचारलं, "राश्के बाई, तुमच्या गावात मेंढ्या पुष्कळ होत्या का हो?"

त्सिप्के, आपल्या गावात मेंढी कोणी पाहिली होती? बकऱ्या होत्या. त्याही दोन, आणि त्यातली एक पाद्र्याची.

तेव्हा मी माझा कागद पुन्हा काढून बसले. आपल्या गावाकडचे सगळे 'श'चा 'स' करतात. शनिवारच्या शाबेसला, विश्रांतीच्या दिवसाला, आई तर जन्मभर 'साबेस'च म्हणाली, तिच्या तोंडून शाबेस कधी निघालाच नाही. गेदाल्ये वहीत तो 'स' तसाच लिहायचा. मी टाइप करताना 'श' करून टाकायची. मास्तरीण होते मी. दिवसभर पोरांच्या वह्यांत तेच करायची, घरी आल्यावर हात थांबत नसे. साबेसचा शाबेस केला तर काय बिघडतं? कोणाचं काही बिघडत नाही. पण आईने 'सोफ' म्हटलं असेल तर? शोफ म्हणजे मेंढ्या, सोफ म्हणजे शेवट; पण ती मेंढीलाही सोफच म्हणणार आणि शेवटालाही सोफच. वहीत 'सोफ' दिसला असेल, आणि मी ऐटीत त्याचा 'शोफ' करून टाकला असेल, तर आईच्या गाण्यात मेंढ्या मी घुसवल्या. तिने म्हटलं असणार, सगळ्याचा शेवट होईल तेव्हा माझी पोर येईल. आणि मी तिथे कळप उभा केला!

केला की नाही, हे मला आठवत नाही. खरंच नाही. समासात गेदाल्येचं पेन्सिलीने काढलेलं बारीकसं प्रश्नचिन्ह आहे, बस. तो कोणाला सुधारायचा नाही, बायकोलासुद्धा नाही.

आता कळलं टेप कशाला हवी? पाठव.

राश्के


ब्राँक्स, २४ फेब्रुवारी १९९२

त्सिप्के,

'आधी त्या संध्याकाळचं खरं लिही, मग टेपचं बघू.' वा! सावकारीण झालीस की. हे वाचून मी एक पत्र लिहिलं, ते फाडलं. दुसरं लिहिलं, ते फाडायच्याच लायकीचं होतं. नेओमीचा रोज फोन येतो, "आलं का काही ऑस्ट्रेलियाहून?" तिला काय सांगू? की माझी बहीण माझ्याकडून कबुलीजबाब घेतेय?

घे.

एकसष्ट साल, नोव्हेंबर, वाचनमंडळाचा हॉल. आईने तपकिरी ड्रेस घातला होता, कॉलर तू शिवून दिली होतीस. गेदाल्येने तिला हाताला धरून स्टेजवर नेलं. समोर सगळी शिकलेली मंडळी, वॉर्सावाले, विल्नावाले, माझ्या शाळेचे हेडमास्तर पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मी. आईने पहिल्याच ओळीत 'साबेस' म्हटलं, आणि कोणीतरी हसलं.

ते कोणीतरी मी होते.

ठसका नव्हता. हसले. सगळ्यांच्या आधी हसले, म्हणून मग बाकीचे हसले. आणि का हसले तेही सांगते, म्हणजे तुझं समाधान होईल. ते हसणार हे मला ठाऊक होतं. मग मी त्यांच्यातली दिसावं, त्या बाईची मुलगी दिसू नये, म्हणून मी आधी हसून घेतलं. हेडमास्तरांकडे बघून. एवढंच आहे. यापेक्षा खोल काही शोधू नकोस, मी शोधून दमलेय.

आईने गाणं पूर्ण केलं. घरी येताना बसमध्ये म्हणाली, "हॉल उबदार होता." पुन्हा चारचौघांत गायली नाही. पुढच्या हिवाळ्यात गेली.

गेदाल्ये मला त्यावरून एक शब्द बोलला नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण तो आपला दुसऱ्या दिवशी मशीन उचलून कोणा न्हाव्याकडे गेला, लग्नाची गाणी घ्यायला. त्याच्या त्या चांगुलपणाचा मला इतका संताप यायचा!

झालं समाधान? आता टेप पाठव. वीस मार्च, विसरू नकोस.

राश्के


ब्राँक्स, ९ मार्च १९९२

त्सिप्के,

टेप नाही, पत्र नाही, कांगारूसुद्धा नाही. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

आज नेओमी घरी आली होती. कुगेल खाल्लं, दोनदा घेतलं, आणि मग हळूच म्हणते, "आपण हे गाणं गाळू या का? शंकेचं आहे तर राहू दे. तीनशे अकराही काही कमी नाहीत." मी म्हटलं, "बये, त्याच्या पुस्तकातून त्याच्या सासूला बाहेर काढायचं आणि वर माझं कुगेल खायचं?" बिचारी रडकुंडीला आली. मग डब्यात घालून दिलं थोडं.

पण तिचं तरी काय चुकलं? चुकीचं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं, असं कोणीही म्हणेल. गेदाल्ये म्हणाला नसता. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात त्याला धड श्वास घेता येत नव्हता, आणि हा जमैकाच्या नर्सला विचारतोय, तुमची आजी काय गायची? ती पोर त्याची नाडी धरून दोन कडवी गायली. मग मला म्हणतो, "लिहून घे, राश्के." मी म्हटलं, "अरे, मला तिची भाषा कळत नाही." म्हणाला, "मग तर चांगलंच. काही सुधारता येणार नाही."

तेव्हा मला ते थट्टेचं वाटलं. मी हसलेसुद्धा. आता बसल्या जागी आठवतं आणि तोंड कडू होतं. त्याला ठाऊक होतं गं. मेल्याला सगळं ठाऊक होतं.

अकरा दिवस राहिलेत. तुला मला शिक्षा करायची असेल तर कर, माझी हरकत नाही. पण त्या बाईचं एकच गाणं आहे जगात.

राश्के


ब्राँक्स, १८ मार्च १९९२

त्सिप्के,

टेप सोमवारी आली. तू लोकरीच्या मोज्यात गुंडाळली होतीस. मोजा आईचा आहे, हे मला कळलं.

आमचं मशीन कधीच बंद पडलंय, म्हणून मंडळाच्या ऑफिसात ऐकली. नेओमी आणि मी, दोघीच. मी फ्रिजची पिन काढायला सांगितली. ती म्हणाली, "आपण रेकॉर्ड करत नाहीयोत, राश्के बाई, नुसतं ऐकतोय." तरी काढायला लावली.

मला वाटत होतं की ही टेप हॉलच्या आधीची आहे. तू सांगितलं नाहीस कधी, की ती नंतरची आहे. सुरुवातीलाच गेदाल्ये तारीख सांगतो. डिसेंबरमधली, मी शाळेत असताना, माझ्याच स्वयंपाकघरात. तूही होतीस. सोललेले बटाटे पाण्यात पडल्याचा आवाज येतोय, आणि मध्येच तू म्हणतेस, "आई, सुरी इकडे दे."

आई गाते. दुसऱ्या कडव्यात स्वच्छ 'सोफ'. गेदाल्ये विचारतो, "सासूबाई, हा सोफ म्हणजे शेवट ना?" आणि आई म्हणते, "सेवटच रे! नाहीतर काय, मेंढ्या?" आणि तुम्ही तिघं खो खो हसता.

नेओमीने चार पानांची टीप तिथल्या तिथे फाडली. मी म्हटलं, चला, निकाल लागला, आणि मशीन बंद करायला हात पुढे केला. पण टेप पुढे चालूच होती.

पुढे आई म्हणते, "थांब. आता शगळं नीट म्हणते." आणि पुन्हा गाते. हळूहळू, एकेका शब्दावर पाय रोवत. शाबेस म्हणते. आणि मग जिथे 'श' हवा तिथेही 'श', नको तिथेही 'श'. सोफचा शोफ. मी केली तीच चूक, त्सिप्के, अगदी तीच! मी टाइप करायच्या आधी आईनेच तिच्या गाण्यात मेंढ्या घातल्या होत्या. गेदाल्ये हसत म्हणतो, "अहो, आता खरंच मेंढ्या आल्या की." आई हसत नाही. म्हणते, "येऊ देत. गेदाल्ये, हे दुसरं लिही. पहिलं पुसून टाक. राश्केने ऐकलं तर तिला लाज वाटेल."

आई 'राश्के' म्हणाली. 'श' म्हणाली. मला ती जन्मभर रास्के म्हणत आली. शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन यायची आणि रस्त्यावरून ओरडायची, रास्के, ए रास्के! आणि मी ऐकू न आल्यासारखं करायची. मला वाटायचं, तिला ते येतच नाही, जिभेतच नाही. येत होतं गं. म्हणजे ती कुठेतरी एकटी बसून माझं नाव घोकत असली पाहिजे, चाळिशीच्या मुलीचं नाव, पहिलीतल्या पोरासारखं. केव्हा? बसमध्ये? त्या हॉलवरून आल्यावर?

नेओमी मला पाणी देत होती आणि मी तिच्यावरच खेकसत होते, की पाणी नको, पुन्हा लाव. पाच वेळा ऐकलं.

गेदाल्ये टेपवर "बरं" म्हणतो आणि मशीन खटकन बंद होतं. पुसतो म्हणाला नाही, नुसतं "बरं". वहीत त्याने पहिलंच लिहिलं असणार. आणि ती वही घेऊन, काही न ऐकता, काही न विचारता, मी आईचा हट्ट पुरा केला. आई त्या दिवशी काय म्हणाली, हे तुला माहीत होतं. म्हणून तू आठव्या दिवशी गेलीस. मला वाटायचं, एका हसण्यापायी कोणी एवढं तोडतं का. कधी वाटलं नाही की तुला आणखी काही ठाऊक असेल.

आता काय छापायचं सांग! पहिलं छापलं तर आईचा शब्द मोडतो. दुसरं छापलं तर माझी लाजच छापल्यासारखी. दिवसभर मी स्वतःशीच भांडत होते. शेवटी काल संध्याकाळी नेओमीला फोन केला. पहिलं जाईल, आई गायली तसं, सगळ्या 'स'सकट. खाली टीप: टाइप करताना हा शब्द राश्के हिने बदलला होता, टेप न ऐकता. नेओमी म्हणाली, "एवढं कशाला, कोणाला कळणारे?" म्हटलं, छाप.

आईने पहिलं गाणं पुसायला सांगितलं होतं. गेदाल्येने पुसलं नाही. तू पुसलं नाहीस, तीस वर्षं मोज्यात घालून सांभाळलंस. जिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तिने पुसलं.

राश्के